जुन्या गाडीचं इंजिन ‘घूंऽऽ’ करतंय? आवाजाचं मूळ शोधण्याची पद्धत

जुन्या गाडीच्या बॉनेटखालून कण्हल्यासारखा, एकाच सुरात ओढलेला आवाज येऊ लागला की बहुतेक वेळा पहिला बळी अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, जातो. तो बदलून होतो, आवाज तसाच राहतो. मग स्टिअरिंगचा पंप बदलतात, मग पाण्याचा. शेवटी कळतं की बिघाड आयडलर पुलीच्या, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या चाकाच्या, छोट्याशा बेअरिंगमध्ये होता. असं होतं, कारण इंजिनाच्या धातूतून आवाज सगळीकडे पसरतो. ब्रॅकेट, ब्लॉक आणि पत्रा सगळेच तो वाहून नेतात, आणि बॉनेट उघडून उभं राहिलं की अख्खं इंजिनच घुमतंय असं वाटतं. त्यामुळे आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो कशाबरोबर बदलतो हे पाहायचं. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, गाडीच्या वेगाबरोबर, स्टिअरिंग वळवल्यावर, दिवे लावल्यावर, की क्लच दाबल्यावर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं. या पद्धतीने एकही नट न उघडता निम्म्याहून अधिक शक्यता बाद होतात.

आधी आवाजाची जात ओळखा

‘घूंऽऽ’ किंवा ‘ऊंऽऽ’ असा सलग सूर असेल आणि रेस दिल्यावर तो चढत असेल, तर बेअरिंग, पंप किंवा गिअरचे दाते यांच्याकडे बघायचं. ‘चींऽऽ’ असं किंचाळणं, तेही गाडी सुरू करताच, ओलाव्यात किंवा एसी लावताक्षणी, म्हणजे बेल्ट घसरतोय. शिट्टी किंवा ‘सूंऽऽ’ असेल तर कुठूनतरी हवा खेचली जातेय किंवा निसटतेय. खडखड, टकटक, ठोके हे प्रकार पूर्णपणे वेगळे आहेत. त्यांचा संबंध टॅपेट, चेन आणि इंजिनाच्या आतल्या बेअरिंगांशी येतो, त्यांना इथल्या चाचण्या लागू पडत नाहीत.

हेही लक्षात ठेवा की काही आवाज गाडीचे जन्मजात असतात. मॅन्युअल गाडी रिव्हर्समध्ये ‘ऊंऽऽ’ करतेच, कारण बहुतेक गिअर बॉक्समध्ये रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात. पुढच्या गिअरांचे दाते तिरके असतात, ते टप्प्याटप्प्याने एकमेकांत शिरतात म्हणून शांत चालतात. टर्बो डिझेलमध्ये जोर देताना हलकी शिट्टी ऐकू येणं नेहमीचं. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण येते, तो इंधन पंप दाब तयार करत असतो. हे आवाज आधीपासून होते तसेच असतील तर त्यांच्यामागे लागू नका. अलीकडे वाढले असतील तरच दखल घ्या.

हाताशी काय हवं

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. नसेल तर किमान ३० सेंटीमीटर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर किंवा तेवढीच लाकडी काठी चालते. साधारण मीटरभर रबरी नळी, टॉर्च, मल्टिमीटर, पान्यांचा संच आणि पाण्याची फवारणीची बाटली. गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या जोडीला घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) हव्यातच, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

चालू इंजिनाजवळ काम करताना बाह्या दुमडलेल्या, केस बांधलेले, ओढणी-मफलर-घड्याळ-अंगठी काढून ठेवलेली. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांमागे उटी लावा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा गरम इंजिनावर केव्हाही सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा, तेव्हा त्याच्या पात्यांत हात जाईल अशा जागी वाकू नका. बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोल गाडीत प्लगच्या हाय-टेन्शन वायरींपासून लोखंडी हत्यार लांब ठेवा.

पहिली फाळणी : इंजिनाच्या फेऱ्या की गाडीचा वेग?

गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू. हळूहळू रेस २,५०० फेऱ्यांपर्यंत न्या आणि सोडा. आवाज फेऱ्यांबरोबर चढला-उतरला तर मूळ इंजिन, बेल्टवरची उपकरणं किंवा गिअर बॉक्सच्या इंजिनाकडच्या शाफ्टमध्ये आहे. उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नसेल आणि आवाज फक्त धावताना येत असेल, तर रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाला गिअर न्यूट्रलला आणा. इंजिन चालूच राहू द्या. चावी फिरवून ते बंद केलंत तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. फेरे आयडलवर आले तरी आवाज त्याच सुरात राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच कमी होत गेला, तर इंजिन निर्दोष. चाकांची बेअरिंगं, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) किंवा टायर यांच्याकडे वळा.

चाकाच्या बेअरिंगची खूण सोपी आहे. वळणावर वजन बाहेरच्या बाजूला जातं. उजवीकडे वळताना घुमणं वाढलं आणि डावीकडे वळताना कमी झालं, तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचा आवाज एक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरा असतो, कारण दात्यांची एक बाजू सुटून दुसरी भार घेते. आधी त्यातलं ऑइल तपासा. लेव्हल खाली गेल्यामुळे कण्हणारी डिफरन्शियलं कमी नसतात, पण दाते एकदा खराब झाले की ऑइल भरून ते भरून निघत नाहीत.

यापुढे धरून चालू की आवाज उभ्या गाडीतही येतोय.

क्लचची चाचणी : दहा सेकंदांचं काम

मॅन्युअल गाडीत हे सगळ्यात आधी करा. इंजिन आयडलवर, गिअर न्यूट्रल, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. या स्थितीत गिअर बॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून ताकद घेणारा दांडा) आणि त्याला गिअरने जोडलेला दुसरा दांडा, लेशाफ्ट, फिरत असतात. आता क्लच पूर्ण दाबा आणि तीन-चार सेकंद थांबा, शाफ्ट थांबायला तेवढा वेळ लागतो.

दाबल्यावर आवाज गेला आणि सोडल्यावर परत आला, तर इनपुट शाफ्टचं किंवा लेशाफ्टचं बेअरिंग झिजलंय, नाहीतर बॉक्समध्ये ऑइल कमी आहे. याच्या उलट, सोडलेल्या पायावर शांतता आणि दाबताच घरघर सुरू, तर ते रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबल्यावर भार घेणारं बेअरिंग. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय असलेल्या हाताखालच्या गाड्यांत ते लवकर जातं, कारण एरवी काही सेकंद फिरायचं ते सतत भाराखाली फिरत राहतं. क्लचच्या दोन्ही स्थितींत आवाजात काडीचा फरक पडला नाही तर गिअर बॉक्स बाद, पुढे बेल्टकडे चला.

ऑइलची लेव्हल बघायला गाडी सपाट जागेवर समतल उभी करा. बहुतेक बॉक्सच्या बाजूला भरणीचा बोल्ट असतो, तो काढून बोट आत वाकवायचं. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे. काढायचं असेल तेव्हा आधी भरणीचा बोल्ट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा उघडा. खालून रिकामं झालं आणि वरचा गंजून अडकला तर गाडी जागेवरच राहते. खालच्या बोल्टवर चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणं चालतं. नखाने उचलता येतील अशा पातळ कपच्या निघाल्या तर बॉक्स उघडावाच लागेल. भरताना गाडीच्या पुस्तकात जीएल-४ या प्रतीचं गिअर ऑइल लिहिलं असेल तर जीएल-५ टाकू नका. जीएल-५ मधली दाब सोसणारी रसायनं डिफरन्शियलसाठी योग्य, पण त्यातली काही जुन्या बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत.

ऑटोमॅटिक गाडीत ही चाचणी नाही. तिथे पार्क, न्यूट्रल आणि ड्राइव्ह या तीन जागी आवाजाची तुलना करा. प्रत्येक जागी फेऱ्यांबरोबर चढणारं कण्हणं येत असेल तर गिअर बॉक्सच्या आतल्या पंपाकडे संशय जातो. फ्लुइड कमी किंवा फिल्टर तुंबलेला असला की हा पंप उपाशी राहतो आणि रडतो. लेव्हल तपासण्याची रीत प्रत्येक बॉक्सची वेगळी असते, पुस्तकात लिहिलेल्या तापमानालाच बघा.

भार टाकून बघा

इंजिन चालू, बॉनेट उघडं, आणि एक माणूस आत बसलेला. त्याने एकेक गोष्ट चालू-बंद करायची, तुम्ही कान द्यायचा.

स्टिअरिंग हळूहळू एका टोकाकडे नेलं आणि कण्हणं वाढत गेलं, तर हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तिथे पंप पूर्ण दाबावर असतो आणि फ्लुइड झपाट्याने तापतं. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर एकत्र लावल्यावर आवाज जाड झाला तर अल्टरनेटर. एसी लावताक्षणी नवा आवाज उमटला तर कॉम्प्रेसर. एसी बंद असतानाही आवाज येतो आणि तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच आहे, तर पुलीचं बेअरिंग, कारण एसी बंद असला तरी इंजिन चालू असेपर्यंत पुली फिरतच असते. ब्रेक पेडल दाबल्यावर शिट्टी बदलली तर ब्रेक बूस्टर (पेडलला व्हॅक्यूमने मदत करणारा डबा) किंवा त्याची नळी.

कशानेच फरक पडत नाही? मग आयडलर, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), पाण्याचा पंप आणि टायमिंग बेल्टची, म्हणजे झाकणाखालच्या, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या बेल्टची, बाजू उरते.

स्टिअरिंगचा पंप

जुन्या गाडीत कण्हण्याचं हे सर्वांत सामान्य कारण, आणि पंप बदलण्याची पाळी मात्र क्वचित येते. हायड्रॉलिक पंपाला फ्लुइड पुरेसं मिळालं नाही किंवा त्यात हवा मिसळली की बुडबुडे दाबाखाली फुटतात. तोच आवाज कण्हल्यासारखा ऐकू येतो. म्हणून आधी टाकीत डोकवा. फ्लुइड खालच्या खुणेखाली असेल तर ते गेलं कुठे ते शोधा. फेस किंवा दुधाळ रंग दिसला तर हवा शिरतेय.

इथे एक बारकावा हुकतो. टाकीपासून पंपाकडे जाणारी जाड नळी खेचणाऱ्या बाजूची असते. तिथला क्लॅम्प सैल असला किंवा रबर कडक होऊन चिरलं असलं तर बाहेर थेंबही पडत नाही, उलट हवा आत जाते. गळती नाही म्हणून नळी ठीक आहे असं समजून लोक पंप बदलतात आणि नवा पंपही तितकाच रडतो. क्लॅम्प आणि पंपाच्या तोंडाचा ओ-रिंग बदलणं हे किरकोळ काम आहे, ते पहिल्यांदा करा. अनेक टाक्यांच्या तळाशी जाळी असते. वर्षानुवर्षांच्या गाळाने ती बंद झाली की पंपापर्यंत फ्लुइड पोचत नाही. टाकी काढून धुता येत नसेल तर टाकीच बदला.

फ्लुइड कुठलं टाकायचं ते झाकणावर किंवा पुस्तकात असतं. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचं फ्लुइड) लागतं, काहींना स्टिअरिंगचं खास फ्लुइड, आणि काही युरोपीय गाड्यांना हिरवं सिंथेटिक. लाल दिसलं म्हणून लाल ओतलं असं करू नका, चुकीच्या फ्लुइडने सील फुगतात किंवा आक्रसतात.

हवा काढायला पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून घोड्यांवर घ्या. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५ ते २० वेळा फिरवा. मधेमधे लेव्हल बघून भर घाला. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून आणखी काही फेरे द्या. फेस दिसला तर अर्धा तास बंद ठेवा आणि पुन्हा करा. एवढं करूनही, फ्लुइड स्वच्छ आणि लेव्हल बरोबर असताना पंप कण्हत असेल, तेव्हा त्याची पाती किंवा बेअरिंग गेलं असं म्हणता येतं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत हा पंपच नसतो, त्यामुळे हा भाग सोडून द्या.

अल्टरनेटर : बेअरिंग की डायोड?

अल्टरनेटर इंजिनाच्या दोन ते तीन पट वेगाने फिरतो. आयडलवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर तो २,००० च्या आसपास असतो. म्हणूनच त्याचा सूर बाकीच्यांपेक्षा उंच लागतो.

मल्टिमीटर डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) ठेवून बॅटरीच्या टोकांवर लावा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर (दिशा बदलणाऱ्या विजेवर) फिरवा, हेडलाइट लावा आणि इंजिन १,५०० ते २,००० फेऱ्यांवर धरा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी वीज दिसली तर अल्टरनेटरमधला डायोड, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा भाग, गेलाय असं समजा. मेलेल्या डायोडमुळे अल्टरनेटर विजेच्या भाराखाली घुमतो, आणि बऱ्याचदा तोच सूर रेडिओच्या स्पीकरमधूनही ऐकू येतो. नुसता स्पीकरमधून येत असेल आणि बॉनेटखाली शांतता असेल, तर अल्टरनेटर काढण्याआधी रेडिओची आणि इंजिनाची अर्थिंगची जोडणी घासूनपुसून घट्ट करा.

बेअरिंग की वीज, हे वेगळं करायचा मार्ग असा. इंजिन बंद करा, अल्टरनेटरमागचा छोटा प्लग काढा, जाड वायरीला हात लावू नका. सुरू करून बॅटरीवरचं व्होल्टेज १२.५ च्या जवळ उतरलंय याची खात्री करा, म्हणजे तो खरंच चार्ज करत नाहीये. आवाज गेला तर दोष विजेच्या बाजूचा, तसाच राहिला तर बेअरिंगचा. मिनिटभरात इंजिन बंद करून प्लग परत लावा. चालू इंजिनावर बॅटरीची टोकं सोडवून बघण्याची जुनी सवय मात्र कायमची सोडा, व्होल्टेज उसळून गाडीचा कंट्रोलर जळू शकतो.

काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. तिथे आवाजाबरोबर ब्रेक पेडलही कडक झालं असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. त्या पंपाला ऑइल पुरवणारी बारीक नळी तुंबली आहे का, हे आधी तपासा.

कानाने जागा पक्की करणं

आता स्क्रू-ड्रायव्हर. टोक स्थिर भागावर, बेअरिंगच्या शक्य तितकं जवळ टेकवायचं, आणि मूठ कानासमोरच्या हाडावर घट्ट दाबायची. फिरणाऱ्या पुलीला किंवा बेल्टला टोक लागता कामा नये. एका जागी ऐकून निकाल देऊ नका, तुलना करा. अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग, मागचं बेअरिंग, मग त्याचं ब्रॅकेट. नंतर पाण्याचा पंप, टेन्शनरच्या मधला बोल्ट, आयडलरचा बोल्ट. चांगल्या बेअरिंगमधून सौम्य, गुळगुळीत सळसळ येते. बिघडलेल्यावर टोक टेकवताच वाळू दळल्यासारखी खरखर थेट कवटीत जाते, आणि चार बोटं सरकवलं की एकदम मंद होते.

शिट्टीसाठी धातूचं हत्यार उपयोगाचं नाही. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा, दुसरं नळ्यांच्या जोडांवरून फिरवत न्या. गळतीपाशी ‘सूंऽऽ’ एकदम मोठा होतो.

बेल्ट काढून निकाल

इतक्यावरही शंका उरली तर बेल्ट उतरवणं हा खात्रीचा उपाय. इंजिन थंड असू द्या. उतरवण्याआधी बेल्ट कुठल्या पुलीवरून कसा जातो त्याचा फोटो काढा आणि फिरण्याची दिशा खडूने बेल्टवर लिहा. बेल्टशिवाय इंजिन सुरू करून ३० सेकंदांत बंद करा. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर कूलंट फिरत नसतं, म्हणून वेळ वाढवायची नाही. बॅटरीचा दिवा लागेल, तो लागायचाच.

आवाज गेला? मग बिघाड बेल्टवरच्या कुठल्यातरी पुलीत आहे, आणि आता प्रत्येक पुली हाताने फिरवायची. हे काम घाईने उरकण्यासारखं नाही. आयडलरला बोटाने एक जोरात टिचकी द्या. सुस्थितीतली पुली ग्रीसच्या चिकट ओढीने फेरा-दीड फेऱ्यात गपचूप थांबते. ग्रीस संपलेली पुली सायकलच्या चाकासारखी भिरभिरत राहते आणि कोरडी ‘सर्रऽऽ’ करते. लोकांना वाटतं मोकळी फिरते म्हणजे चांगली. खरं तर तीच गेलेली असते. मग पुली कडेला धरून पुढे-मागे हलवा. टिक्-टिक् असा ढिला खेळ लागला तर बाद. हळूहळू फिरवताना बोटांना बारीक खाचा जाणवल्या, तर गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडलेत. सीलभोवती विटकरी रंगाची पूड दिसली तर आत गंज आहे. बाहेरून तेल सोडून अशी पुली वाचत नाही. तेल सीलमधून थोडंसं आत जातं, उरलेलं ग्रीस धुऊन काढतं आणि चार दिवस शांत राहून आवाज आणखी चढतो.

पाण्याच्या पंपाची पुली वर-खाली हलवून बघा, खेळ अजिबात नको. पंपाच्या बॉडीवर खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं. तिथून कूलंटचे ओघळ, पांढरट-हिरवट किंवा तांबूस वाळलेले डाग दिसले तर सील फुटलंय, आणि पाणी बेअरिंगमध्ये जायला वेळ लागत नाही. हा पंप अडकून बसला तर इंजिन तापून हेड वाकतं. इतर पुल्या थोडे दिवस ओढता येतात, हा नाही.

ताण जास्त झालेला बेल्ट

बेल्ट किंचाळायला लागला की कुणीतरी अल्टरनेटरमागे पहार घालून तो ताणतं. किंचाळणं थांबतं आणि दोन महिन्यांत कण्हणं सुरू होतं, कारण जास्तीचा ताण सरळ बेअरिंगांवर जातो. जुन्या गाडीतल्या साध्या व्ही-बेल्टला दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने चांगला दाब दिला की साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आवाज बेल्टच्या कामानंतरच सुरू झाला असेल तर दुसरं काही उघडण्याआधी ताण बघा.

बेल्ट किंचाळत असेल तर दात्यांच्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा द्या. पाणी पडताच आवाज काही वेळ दबला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला, तर ताण कमी आहे. फवाऱ्याची बाटली लांबून वापरा, हात बेल्टपाशी नेऊ नका.

बेल्ट काढूनही आवाज तसाच

बाहेरची सगळी उपकरणं सुटली. आता टायमिंग बेल्टच्या झाकणावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून ऐका. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल आणि तेव्हापासून रेसबरोबर चढणारा ‘ऊंऽऽ’ येत असेल, तर तो जास्त ताणला गेलाय. ज्या इंजिनात टेन्शनर हाताने लावायचा असतो, तिथे जुना ढोबळ ठोकताळा असा की सर्वांत लांब मोकळ्या भागावर बेल्ट अंगठा आणि तर्जनीने जेमतेम ९० अंश पिळता यावा. अजिबात पिळत नसेल तर ताण जास्त. हा ठोकताळा नुसता अंदाजासाठी आहे, लावताना पुस्तकातलीच पद्धत. बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपही याच बेल्टवर असतो, तेव्हा टेन्शनर, आयडलर आणि पंप एकत्रच बदला. बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, म्हणून इथला आवाज अंगावर काढू नये.

ऑइलची लेव्हलही बघा. कमी ऑइलवर ऑइल पंप हवा खेचतो आणि घुमू लागतो. आवाजाबरोबर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.

शिट्टीचं मूळ

आयडलवर मोठी आणि रेस दिल्यावर विरणारी शिट्टी म्हणजे इनटेकमध्ये हवा शिरतेय. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करा. शिट्टी तत्काळ थांबली तर क्रँककेसमध्ये निर्वात जास्त होतोय, बहुधा पीसीव्ही व्हॉल्व्हचा (क्रँककेसमधला वायू इनटेककडे सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलाय. तो तसाच ठेवला तर हवा क्रँकच्या सीलमधून आत खेचली जाते. झाकणाने फरक पडला नाही तर इनटेकचे जोड, थ्रॉटलखालचं गास्केट आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या रबरी नळीने तपासा. जोडांवर साबणाचं पाणी मारून बघा, ते आत ओढलं जातं आणि आवाज क्षणभर बदलतो. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून बघणारे आहेत, पण तो ज्वालाग्राही असतो. गरम एक्झॉस्टशेजारी त्याची गरज नाही.

टर्बोच्या गाडीत फक्त जोर देताना सायरनसारखा चढता आवाज आणि ताकदही कमी, अशी जोडी असेल तर आधी इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नळ्या बघा. फाटलेल्या जागी ऑइलची ओलसर काजळी जमलेली दिसते. नळ्या शाबूत असतील तर इंजिन थंड असताना टर्बोच्या तोंडाची नळी काढून पंखा बोटांनी हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, पण आत-बाहेर हलणं जाणवायला नको, आणि पाती बॉडीला घासल्याच्या खुणा दिसता कामा नयेत. घासल्या असतील तर गाडी थांबवा. सील गेलेल्या टर्बोतून ऑइल इनटेकमध्ये गेलं की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर अनियंत्रित धावू शकतं.

मागून येणारी गुणगुण

फेऱ्यांशी देणंघेणं नसलेला, एकाच सुरातला आवाज मागच्या सीटखालून येत असेल तर टाकीतला इंधन पंप. टाकी पाव भरलेली असताना तो वाढतो, कारण पंपाला थंड ठेवायचं काम इंधनच करतं. टाकी भरून बघा, फिल्टर बदला. तरीही आवाज तसाच राहिला आणि चढावर गाडी अडखळत असेल तर पंप थकलाय.

दुरुस्तीनंतर

सुरुवातीला आवाजाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर करून ठेवलं असेल तर त्याच जागी, तितक्याच फेऱ्यांवर पुन्हा करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. कानाला सवय होते, रेकॉर्डिंगला होत नाही. थंड आणि गरम, दोन्ही इंजिनांवर ऐका. नवा व्ही-बेल्ट सुरुवातीला थोडा लांबतो, म्हणून इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून, थंड करून ताण पुन्हा मोजा, आणि मग ५०० किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा.